पहिल्या घावाचा मान

हातणकोंडात होळीचं झाड देवी निवडते, माणसं नुसती तोडतात. यंदा देवीने निवडलेलं झाड सरकारचं निघालं.

कौल लागला तेव्हा गंगाराम देवळाच्या पडवीत खांबाला टेकून उभा होता. अंगावर खाकी होती. तो वनरक्षक. वणवा जंगलात शिरू नये म्हणून सकाळपासून हद्दीवरचं गवत जाळत फिरला होता, घरी जाऊन कपडे बदलायला सवड झाली नव्हती. हातापायाला काजळी, मिशीला राखेचा वास. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि शिवाआप्पा गावकार एकेका झाडाचं नाव घेऊ लागला. पऱ्यावरचा आंबा. पाकळी हलली नाही. पाणंदीतली शेवर. नाही. कातळाखालचा रायवळ आंबा. उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव ओरडलं.

गंगाराम पुढे झाला. "आप्पा, तां झाड माज्या हद्दीत हाय."

"तुजी हद्द?"

"म्हंजी जंगलाची. हद्दीच्या दगडी बुरुजाच्या आत पडतां. दर वर्साला मीच चुना लावताव त्या बुरुजाला, मला म्हायती न्हाय?"

शिवाआप्पाला हसू आलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, दात पुढचे दोनच उरलेले, पण देवळात त्याचा शब्द खाली पडत नसे. "बुरूज कोनी घातलान? सरकारानं. आंबा कोनी लावलान?"

"कोनी न्हाय. रायवळ हाय तो."

"कोनी न्हाय लावलान म्हंजी देवीनं लावलान. आता तुजां सरकार मोठां की देवी, तां तूच सांग. सरकाराचे कपडे घालून हुबा हायस म्हनून इच्यारताव."

पोरंटोरं खिदळली. गंगारामही हसला. तिथेच चुकला. हसला नसता आणि चालता झाला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण होळीच्या झाडावर पहिला घाव त्याच्या घराचा होता. तो मान बापाचा होता, आज्याचा होता. बाप अर्धांगाने पडला होता त्या वर्षी गावाने त्याला खुर्चीत बसवून झाडाशी नेला होता आणि त्याच्या लुळ्या हातात कुऱ्हाड धरून घाव घालवला होता. असल्या मानाला कुणी पगार देत नाही, पण तो ज्याचा असतो तो माणूस वर्षभर त्याच्यावर ताठ चालतो.

गंगाराम घुटमळतोय हे बघून नितेश उठला. नितेश त्याचा चुलतभाऊ, मुंबईहून परत येऊन लाकडाचा आणि आंब्याचा धंदा टाकलेला. थोरलं घर आमचं, मान आमचा, असं त्याचा बाप मरेपर्यंत म्हणत आला होता. नितेश फार मऊ बोलला. "दादाला सरकारी अडचन असंल तर ऱ्हावू दे. आमी हाव की. घाव काय, आमी घालू."

 सगळे गंगारामाकडे बघू लागले.

"अडचन कसली?" गंगाराम म्हणाला. "साहेबाला इच्यारताव."

देवळामागे जाऊन त्याने दीपेश वनपालाला फोन लावला. दीपेश त्याच्यावरचा, वयाने लहान, घाटावरचा, परीक्षा देऊन आलेला. गंगारामाने सगळं सांगितलं. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता.

"एकच झाड ना?"

"एकच, साहेब. होळीचं."

"उरकून घ्या, गंगाराम. गावाशी भांडण नको. माझ्यापर्यंत येऊ देऊ नका म्हणजे झालं."

हेच शब्द. पुढे हे शब्द जगात कुणी बोललंच नव्हतं असं ठरलं.

संध्याकाळी ढोल वाजवत गाव कातळाखाली उतरलं. गंगारामाने बूट काढले, पट्टा काढला, टोपी काढून बाबल्याच्या हातात दिली. बाबल्या त्याचा शाळेपासूनचा सोबती. गुरवाने बुंध्याला कुंकू लावलं, नारळ ठेवला. शिवाआप्पाने गाऱ्हाणं घातलं, की म्हाराजा, तुझ्या लेकरांनी तुझंच झाड तुझ्या पायाशी आणलंय, चुकलंमाकलं पोटात घाल, मुंबईची पोरं मुंबईत सुखी ठेव, घरची घरात. "व्हय म्हाराजा!" मग गंगाराम अनवाणी पायाने पुढे गेला. खाकी पॅन्ट, खाकी शर्ट, हातात बापाची कुऱ्हाड. त्याने घाव घातला तो सालीतून आत लाकडात बसला. कुऱ्हाड उपसली तशी चिकाचा आंबट वास सुटला. मग शिवाआप्पाने दुसरा घातला, मग बाबल्याने, मग ज्याला जमेल त्याने. नितेशनेही घातला. अंधार पडायच्या आत आंबा आडवा झाला आणि "होलियो" करत सगळ्यांनी तो खांद्यावर घेतला.

बाबल्याने पहिल्या घावाचं शूटिंग केलं होतं. त्याने ते आपल्या स्टेटसला लावलं. खाली लिहिलं, 'आमचा मानकरी'. वर भगवा झेंडा, दोन वाघ. बाबल्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तो खुश होता. गावातल्या तीस-चाळीस जणांनी ते आपापल्या स्टेटसला लावलं, तेही खुश होते.

पालखी अजून घरोघर फिरत होती तेव्हाच नोटीस आली. निनावी अर्ज, सोबत व्हिडिओ. खात्याच्या कर्मचाऱ्याने गणवेशात, राखीव जंगलात, स्वतःच्या हाताने झाड तोडलं. खातेनिहाय चौकशी.

तालुक्याच्या ऑफिसाबाहेर एक लाकडी बाक आहे. चोरीचं लाकूड पकडलं की गंगाराम त्या माणसांना त्या बाकावर आणून बसवायचा. आता तो स्वतः त्यावर बसला. आत जाणारा येणारा जो तो ओळखीचा. पण त्या दिवशी कुणाला चहा घेतलास का विचारायला फुरसत नव्हती. शिपाई फाइल घेऊन चार वेळा समोरून गेला आणि चारही वेळा भिंतीकडे बघत गेला. दुपार टळली. शेवटी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला म्हातारा, खैराच्या मोळीपायी आणलेला, गंगारामाला म्हणाला, "काय वो, आज तुमीपन हितां?" गंगारामाने पेपर उघडून तोंडापुढे धरला.

चौकशीचे साहेब वरच्या ऑफिसातून आले होते. भारदस्त, कपाळाला गंध. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"हा हात तुझा?"

"माझा."

"कपडे?"

"सरकारचे."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. "हे बघ, देवधर्म मीपण करतो. परवानगी घेतली होतीस?"

"वनपाल साहेबांना फोन केला होता. ते म्हणाले उरकून घ्या."

साहेबांनी बाजूला बसलेल्या दीपेशकडे बघितलं. दीपेश पेनाचं टोपण उघडझाक करत होता. "साहेब, फोन आला होता. शिमग्याच्या रजेसाठी. झाडाचा विषयच नाही निघाला."

 साहेबांसमोर वनपालाला खोटा म्हणायची सवय गंगारामाच्या जिभेला नव्हती. आयुष्य सलाम करण्यात गेलेलं. अशा वेळी जीभ आपली राहत नाही, खात्याची होते.

दीपेश बाहेर गेल्यावर साहेब पुढे वाकले. "जबाबात एक वाक्य लिही. झाड गावाने तोडलं, मी अडवायला गेलो, जमावापुढे माझं काही चाललं नाही, मला हात लावायला लावला. गावाने तोडलं. एवढंच. गाव म्हणजे कोण? कुणीच नाही. कुणाला धरणार? मी पुढचं बघतो."

"पहिला घाव मी नाही घातला, असं लिहायचं?"

"घातला असं तरी कशाला लिहितोस?"

"हा जबाब गावात कळेल का, साहेब?"

"माहितीच्या अधिकारात कुणी मागितला तर प्रत द्यावी लागते."

गंगारामाच्या डोळ्यांपुढे नितेश आला. हातात ती प्रत, देवळात उभा, मऊ आवाजात वाचतोय, 'पयला घाव मी घातला न्हाय असां दादानं सोता लिवून दिलान, आता मान कोनाचा तां गावानं ठरवावां.'

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

"कर विचार. मी गावात येतोच आहे जागा बघायला. गाव काय बोलतं तेपण ऐकू."

आणि गाव बोललं.

साहेबांची जीप आली त्या दिवशी हातणकोंडातल्या माणसांनी धुतलेले सदरे घातले होते. गंगारामाची बायको गुणवंती कोकमाचं सरबत घेऊन देवळात आली. शिवाआप्पा फेटा बांधून बसला होता. आपल्या माणसावर वेळ आली आहे आणि आपल्याला त्याच्या पाठीशी उभं राहायचं आहे, एवढं गावाला कळत होतं. त्यापलीकडे काहीही कळत नव्हतं.

"झाड कोणी तोडलं?" साहेबांनी विचारलं.

"गंगारामानं," शिवाआप्पा छाती पुढे काढून म्हणाला.

"एकट्याने?"

"पयला घाव त्याचाच, साहेब. त्याच्याबिगर झाडाला कोन हात लावील? तेच्या बापाचा, तेच्या आज्याचा मान. आमी खोटां न्हाय बोलनार."

"म्हणजे तुम्ही बाकीच्यांनी घाव घातले नाहीत?"

शिवाआप्पाला हा प्रश्न अपमानासारखा लागला. "घातले असतील. पन तां धरायचां नसतां. पयला तो पयला. बाकीची झिलपां."

साहेबांनी बाबल्याला विचारलं. बाबल्या म्हणाला, "गंगारामच. मी शूटिंग केलंय ना साहेब, दाखवू?" मागच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "मानकरी आमचा तोच!" माना हलल्या. नितेशला विचारलं तर त्याने हात जोडले. "आमचा काय संबंद? दादाचा मान. आमी नुसते मागं हुबे."

साहेब लिहीत होते. प्रत्येकाखाली सही घेत होते, आणि माणसं अभिमानाने सही करत होती. ज्याला सही येत नव्हती त्याने अंगठा चांगला दाबून दिला. गंगाराम खांबाशी उभा राहून बघत होता. त्यातला एक जरी माणूस म्हणाला असता, की आप्पा, आपण सगळ्यांनी तोडलं, तर तो सुटला असता. पण तसं म्हणणं म्हणजे त्याचा मान काढून घेणं. त्याचा मान राखायला अख्ख्या गावाने त्याला पुरला.

साहेब निघाले. जीपपाशी त्यांनी गंगारामाच्या खांद्यावर हात ठेवला. "गाव फार प्रेम करतं रे तुझ्यावर," म्हणाले. त्यात टोमणा होता की कीव, गंगारामाला समजलं नाही.

भाजवळीचे, राब भाजायचे दिवस होते. पावसाआधी रोपांसाठी जमीन भाजून तयार करायची तर शेण पसरायचं, त्यावर तोडलेल्या फांद्यांचे कवळ, त्यावर पातेरा, त्यावर माती, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाने आग द्यायची. गंगारामाला बसवून ठेवलं होतं; कामावर येऊ नकोस, बोलावू तेव्हा ये. म्हणून बऱ्याच वर्षांनी तो दिवसाढवळ्या शेतात होता. डोक्यावर कवळाचा भारा घेऊन वरच्या कातळी सड्यावरून उतरताना तो सारखा थांबत होता. गुणवंती त्याच्या दुप्पट भारा घेऊन पुढे जात होती. घामाने तिच्या पाठीला पोलकं चिकटलं होतं, मानेवर पातेऱ्याचा चुरा.

"एक वाक्य लिवायचां व्हतां," ती न वळता म्हणाली. हे ती रोज म्हणत होती.

"तू गप ऱ्हा."

"एक वाक्य. साहेबानं सोता सांगितलान. तुमी आपल्या नेत्राला शाळंत असताना निबंद लिवून देत व्हताव, आणि सोतासाठी एक वाक्य न्हाय लिवत."

"तां वाक्य न्हाय. तां घर हाय माजां."

गुणवंतीने भारा दाणकन टाकला. "मानानं काय दिलान वो मला? वर्साला एक नारळ. तोपन अर्दा तुमच्या त्या बाबल्याला. खाकीनं नेत्राला रत्नागिरीला नर्सिंगला धाडलान. खाकी हाय म्हनून तुमच्या म्हाताऱ्या आवशीला दवाखान्यात खुर्ची देतात. जल्लां मेलां तां झाड."

"तुला न्हाय कळायचां. तू भायरून आलेली."

हे बोलायला नको होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. गुणवंतीने त्याच्याकडे नीट बघितलं, भारा सोडला आणि कवळ पसरू लागली. त्यानंतर ती त्या विषयावर एकदाही बोलली नाही. गंगारामाला वाटलं, पटलं तिला.

दीपेश मोटरसायकलवरून आला तो त्याच दिवसांत. राबाच्या धुरातून रुमाल नाकाला लावून आला, बांधावर बसला, तांब्याभर पाणी प्यायला.

"तुमच्यासाठीच वर बोलून आलोय, गंगाराम. फौजदारी करा म्हणत होते."

गंगारामाच्या हातातलं फावडं थांबलं.

"मी म्हटलं, नको. माणूस चांगला आहे. एक मार्ग आहे. राजीनामा द्या."

"राजीनामा?"

"चौकशी कुणाची होते? कर्मचाऱ्याची. कर्मचारीच राहिला नाही तर चौकशी कुणाची करणार? फाइल बंद. जबाब द्यायला नको, तोडलं म्हणायला नको, नाही तोडलं म्हणायला नको. गावात मान जसाच्या तसा. लगेच मंजूर करून घेतो, ते माझ्यावर."

किती सोपं होतं. कर्मचारीच नाही तर चौकशी कुणाची! गंगारामाला ते इतकं पटलं, की दीपेशला इतकी घाई का, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. चौकशी पुढे गेली असती तर फोनचा तपशील निघाला असता. शिमग्याच्या रजेचा अर्ज कुठे आहे, असं कुणीतरी विचारलं असतं. पण नोकरीत खालच्या माणसाला एक शिकवण मिळालेली असते, वरचा माणूस घरी येऊन पाणी प्यायला की तो आपला झाला.

राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडते, म्हातारपणी हातात काही येत नाही, हेही त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. रागात होता. गावावर राग नव्हता, ऑफिसातल्या त्या बाकावर होता, भिंतीकडे बघत गेलेल्या शिपायावर होता. तुमची नोकरी तुम्हालाच लखलाभ, असं त्याला एकदा तोंडावर म्हणायचं होतं. ते त्याने कागदावर म्हटलं.

गुणवंती राबावर माती टाकत होती तेव्हा तो घरात बसून लिहीत होता. म्हातारी आई, मथुरा, उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"काय लिवतोस रे?"

"अर्ज."

"रजेचा?"

"व्हय आये. रजेचा."

"जरा लांबची घे," म्हातारी म्हणाली. "वाळलास."

मंजुरी इतक्या लवकर आली की ऑफिसातल्या जुन्या माणसांनाही नवल वाटलं. एरवी रजा मंजूर व्हायला महिना जातो.

गणवेश जमा करायला गेला तेव्हा भांडारातल्या कारकुनाने बूट उलटे करून टाचा बघितल्या. "हे धुवून आणायचे होते ना."

"राबातली माती हाय."

"कुठलीही असो. असेच घेतले तर मला बोलणी बसतात." मग बाहेरच्या नळावर बसून गंगारामाने बूट धुतले. खैराच्या मोळीवाला म्हातारा तारखेला आला होता, बाकावरून बघत होता. या वेळी काही बोलला नाही. सरकून जागा मात्र केली.

घरी त्याने गुणवंतीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापटायचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला. "चौकशी बंद झाली?" तिने विचारलं.

"बंद."

"बरां झालां."

आंबा उतरायला आला. नितेशने तीन बागा कराराने घेतल्या होत्या आणि माणसं कमी पडत होती. नेपाळी गडी यंदा उशिरा आले. त्याने स्वतः येऊन विचारलं, अंगणात चप्पल काढून. "दादा, रागावू नको. घरचा मानूस बागेत असला म्हंजी बरां. तुला झाडावर न्हाय चढवनार, खालून झेल्यानं काढ."

पहिले दोन दिवस खालूनच काढले. तिसऱ्या दिवशी नितेशचा मुकादम म्हणाला, वरच्या फांद्या राहिल्यात. गंगाराम चढला. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्या हाताने झेला लांबवायचा, देठासकट आंबा जाळीत पाडायचा, चीक फळावर सांडू द्यायचा नाही. चीक त्याच्या मनगटावर सांडत होता. आठवड्याभरात दोन्ही हात भाजल्यासारखे काळे झाले, सालं निघाली. गुणवंती खाली आंबे निवडून क्रेटमध्ये लावत होती. दोघं एकाच बागेत, पण बोलणं फक्त दुपारी डबा उघडल्यावर.

"मीठ कमी झालां."

"चालंल."

गाव तेव्हाही त्याला मानकरीच म्हणत होतं. बागेच्या बांधावरून जाणारा शिवाआप्पा हाक मारायचा, "काय मानकरी, फांदी पेलते ना?" प्रेमानेच.

मे महिन्याच्या अखेरीला एक पांढरी गाडी बागेत आली. गंध लावलेले साहेब उतरले. आंबे न्यायला आले होते, कुणीतरी नितेशचं नाव सांगितलेलं. नितेश पुढे धावला, खुर्ची मांडली, आंबा कापला. मग झाडाकडे तोंड करून म्हणाला, "दादा, साहेबांचे दोन क्रेट गाडीत ठेव."

गंगाराम उतरला. क्रेट उचलून गाडीपाशी नेला. साहेबांनी डिकी उघडली, त्याच्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"तू तो... होळीवाला ना?"

"व्हय साहेब."

"अरे, राजीनामा का दिलास तू?"

गंगाराम क्रेट धरून उभा. "चौकशी..."

"चौकशीत काय होणार होतं? एक वेतनवाढ थांबली असती. फार तर बदली. गावच्या जबाबात स्पष्ट होतं, धर्माची रीत आहे, चोरीचा हेतू नाही. मी तसाच अहवाल लिहायला घेतला होता. तेवढ्यात तुझा राजीनामा मंजूर होऊन आला. मला वाटलं, तुला मुंबईला काही मोठं मिळालं."

"फौजदारी होणार, असं सांगितलं होतं मला."

"कुणी?"

गंगारामाने नाव सांगितलं नाही. आता सांगून काय व्हायचं होतं? "साहेब, मागं घेता येईल?"

"मंजूर झाल्यावर? नाही रे." साहेबांनी क्रेटमधला एक आंबा उचलून नाकाशी नेला. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. "विचारायचंस तरी कुणाला. हा पायरी आहे का हापूस?"

"हापूस."

"ठेव आत. सांभाळून."

दुसरा क्रेट गुणवंती घेऊन आली होती. ती मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने क्रेट डिकीत ठेवला, पदराने हात पुसले आणि आंब्यांच्या ढिगाशी परत जाऊन बसली. गंगाराम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती शिव्या घालेल, रडेल, डोक्यात आंबा मारेल, याची वाट बघत राहिला.

"सावली सोडा," ती म्हणाली. "डाग दिसत न्हाय फळावरचा."

पावसाळा गेला. लावणी झाली, बेणणी झाली, भात कापून आलं. गंगाराम पहिल्यांदाच सबंध हंगाम शेतात होता, आणि दरवर्षीपेक्षा भात काही जास्त आलं नाही. नेत्रा रत्नागिरीहून फोन करायची तेव्हा तो फोन गुणवंतीकडे द्यायचा. पोरीने एका दवाखान्यात रात्रपाळी धरली होती, शिकता शिकता. दिवसाचे वर्ग, रात्रीचं काम. बापाला तिने एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

भाताची झोडणी चालू असताना नवी वनरक्षक आली. मुलगी होती, संस्कृती नावाची, सावर्ड्याकडची, पहिलीच नेमणूक. खाकी अंगावर अजून कडक. अंगणात उभी राहून म्हणाली, "काका, मला हद्द दाखवाल का? नकाशा आहे, पण जागेवर काही कळत नाही. ऑफिसात म्हणाले, तुमच्याइतकी कुणाला माहिती नाही."

गुणवंतीने भाताची पेंढी खाली ठेवली. गंगाराम नाही म्हणेल असं तिला वाटलं. तो उठला, कपडे झटकले, पायात चप्पल घातली.

दोघं सड्यावरून खाली उतरले. गवत पिवळं पडलं होतं, कातळावर उन्हाची झळ. तो पुढे, ती मागे. बुरूज आला की तो थांबायचा, ती मोबाइलवर जागा नोंदवायची. गावची माणसं कशी आहेत, तिने विचारलं. "चांगली हायत," तो म्हणाला. त्रास देत नाहीत ना? "न्हाय. फार प्रेम करतात."

कातळाखाली आले तिथे ती थांबली. बुरुजाच्या आत खोड उभं होतं, कमरेइतकं, वरून काळं पडलेलं. कडेने कोवळे लालसर फुटवे आले होते.

"हे केवढं झाड होतं!" ती म्हणाली. "कुणी तोडलं हे?"

तिला काहीच माहीत नव्हतं. ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं. ती नोंद घेण्यासाठी विचारत नव्हती, मोबाइल तिने खिशात टाकला होता. झाड दिसलं म्हणून कुणीही विचारेल तसं विचारलं.

गंगाराम खोडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गावानं तोडलां."

बोलून झालं आणि त्याच्या लक्षात आलं, की किती लहान वाक्य होतं ते. बोलायला श्वाससुद्धा लागला नाही.

"गावाने म्हणजे?" ती हसली. "गाव काय हातात कुऱ्हाड घेऊन येतं? माणसांनीच तोडलं असेल ना."

"व्हय. मानसांनीच."

"कुणी कुणी?"

त्याने नावं सांगितली. शिवाआप्पा गावकार. बाबल्या. नितेश. गुरवाचा पोर. वरच्या वाडीतले दोघं भाऊ. ज्याचा ज्याचा घाव त्याला आठवत होता त्याचं त्याचं नाव त्याने घेतलं, सावकाश, एकही न गाळता. ती मध्येच पुढच्या बुरुजाकडे चालू लागली होती. त्याने तरी यादी पुरी केली. आपलं नाव त्याने सगळ्यात शेवटी घेतलं.